राक्षसाला पाप लागते का?

रविवारच्या पत्रकात राक्षसांचे काय काम, असे कुणी विचारील म्हणून आधीच सांगून टाकतो. सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्यातल्या कलेच्या भागात 'नोस्फेराटू' हा १९२२ सालचा जर्मन मूकपट आहे, आणि तो आहे रक्त पिणाऱ्या पिशाचाचा! रोममध्ये ज्यांना त्या यादीत पिशाचाला जागा द्यावीशी वाटली, त्यांच्या आधाराने आम्हीही आज ही दोन पाने त्या जुन्या, कृष्णधवल राक्षसांना देत आहोत.

आजची मुले हे चित्रपट पाहून हसतील. रबराचे पोशाख, दोऱ्यांवर उडणारी वटवाघळे, गडगडाट आणि विजा. पण त्यात एक प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हे सगळे राक्षस माणसे मारतात. तरीही ते सगळे सारखेच दोषी आहेत का?

'मॉन्स्टर' या शब्दाचे मूळ 'दाखवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे असे संत ऑगस्टीन सांगतात. जो काहीतरी दाखवून देतो तो मॉन्स्टर. त्यांच्या काळी दूरच्या देशांतील विचित्र मानववंशांच्या कथा लोक चवीने सांगत: कुणाला एकच डोळा, कुणाचे तोंड छातीवर, कुणाला एकच पाय. 'देवाचे नगर' या ग्रंथात संत ऑगस्टीन म्हणतात की अशा सगळ्या कथांवर विश्वास ठेवायची सक्ती नाही. पण असे कुणी असेल आणि ते विचार करणारे, मरण असलेले मनुष्यप्राणी असतील, तर त्यांचे रूप, रंग, आवाज कसाही असो, ते आदामाचेच वंशज आहेत. हा विचार पाचव्या शतकातला आहे. विसाव्या शतकात, १९३२ साली, टॉड ब्राउनिंग यांनी 'फ्रीक्स' नावाचा चित्रपट काढला. सर्कशीत ज्यांना तिकीट लावून दाखवले जाई, अशा खऱ्याखुऱ्या अपंग आणि ठेंगू कलावंतांना त्यांनी त्यात घेतले होते. त्यांना फसवणारी, पैशासाठी विष घालणारी नायिका मात्र देखणी होती. इंग्लंडमध्ये त्या चित्रपटावर सुमारे तीस वर्षे बंदी राहिली.

तेव्हा रूपावरून न्याय करायचा नाही हे ठरले. मग कशावरून करायचा? धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सगळेच ते शिकलो आहोत. घोर पाप होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर हवी, ती वाईट आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि मनापासूनची संमती हवी. एक जरी कमी पडली तरी हिशेब बदलतो. लहानपणी आपण हे पाठ करून परीक्षेत लिहिले आणि विसरलो. जुन्या राक्षसांकडे पाहताना आम्हाला वाटू लागले की, प्रत्येकाच्या बाबतीत यातली एखादी तरी गोष्ट कमी आहे किंवा मोजायला कठीण आहे.

सुरुवात 'फ्रँकेन्स्टाइन'पासून करू. मेरी शेली यांची कादंबरी १८१८ची, जेम्स व्हेल यांचा चित्रपट १९३१चा. पुष्कळ लोक समजतात की फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव. ते त्याला बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आहे. राक्षसाला नावच नाही. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीतही त्या भूमिकेपुढे बोरिस कारलॉफ यांच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आहे. बाप्तिस्म्याच्या विधीत फादर आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाचे नाव काय ठेवणार हा. प्रेतांचे तुकडे जोडून ज्याला उभे केले त्याच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. डोळे उघडल्यावर तो वरून येणाऱ्या उजेडाकडे हात पसरतो, तर झरोका बंद होतो. मग त्याला साखळदंडाने बांधतात आणि मदतनीस फ्रिट्झ त्याला पेटत्या मशालीने डिवचतो. त्याच्या हातून पहिला खून होतो तो याच फ्रिट्झचा.

पुढे तो पळतो आणि एका तळ्याकाठी मारिया नावाची लहान मुलगी त्याला भेटते. सबंध चित्रपटात त्याला न घाबरणारी हीच. ती त्याचा हात धरते, फुले देते, आणि पाण्यात टाकली की फुले होडीसारखी तरंगतात हे दाखवते. तो पहिल्यांदा हसतो. त्याच्या हातातली फुले संपतात. मग तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल म्हणून. ती बुडते तेव्हा तो गोंधळून जातो आणि धडपडत पळ काढतो. मुलीचा जीव गेला, म्हणजे बाब गंभीर आहे यात शंका नाही. पण जाणीव? पाणी माणसाला बुडवते हे त्याला ठाऊक नव्हते.

आता या प्रसंगाचे पुढे काय झाले ते पाहा. एका लहान मुलीचा मृत्यू पडद्यावर नको म्हणून काही ठिकाणी सेन्सॉरने तेव्हाच कात्री लावली. १९३४पासून हॉलिवूडची नियमावली कडकपणे अमलात येऊ लागली आणि नंतरच्या पुनर्प्रदर्शनात हा भाग सगळीकडेच गळाला. कापलेल्या प्रतीत राक्षस मुलीकडे हात पुढे करतो आणि दृश्य तुटते. त्यानंतर थेट तिचा बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन, लग्नाच्या नाचगाण्यातून, गावच्या रस्त्याने चालत येताना दिसतो. मधल्या वेळात काय घडले असेल? प्रेक्षकाने ते मनानेच भरून काढले, आणि जे भरले ते प्रत्यक्षापेक्षा कितीतरी ओंगळ होते. १९८०च्या दशकात तो तुकडा पुन्हा जोडला गेला. तोवर जवळजवळ पन्नास वर्षे लोकांनी त्या राक्षसाला न केलेल्या पापासाठी दोषी धरले.

ही नियमावली कुणी लिहिली हेही सांगायला हवे. १९३० साली तिचा मसुदा तयार केला तो फादर डॅनिएल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी आणि मार्टिन क्विगली या कॅथलिक प्रकाशकांनी. दोघांचा हेतू चांगला होता. मुलांच्या मनावर वाईट परिणाम होऊ नये ही काळजी आजही आपल्याला आहे आणि असायलाच हवी. पण एखाद्याच्या कृत्यातला आपल्याला न पाहवणारा भाग कापून टाकला की उरलेला भाग जास्त शुद्ध होतो असे नाही. मिस्सानंतर चर्चच्या आवारात 'त्या अमक्याच्या मुलाने म्हणे...' अशी जी वाक्ये सुरू होतात, ती बहुतेक अशीच मधले दृश्य कापलेली असतात.

मारियाच्या बापाला मात्र आम्ही यातले काहीच ऐकवणार नाही. त्याच्या हातांवर त्याची मुलगी आहे. 'त्याला कळत नव्हते हो' हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारण्याचा अधिकार इतर कुणाला नाही. पूर्ण जाणीव नसली म्हणजे घडलेली गोष्ट लहान होत नाही. करणाऱ्याचा दोष तेवढा कमी होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेळी मनात धरणे कठीण जाते. गावाला ते जमत नाही. गाव मशाली घेऊन निघते आणि पवनचक्कीत कोंडलेल्या राक्षसाला जाळते. चित्रपट संपतो तो फ्रँकेन्स्टाइनच्या घरी, म्हातारा बाप वाइनचा प्याला उंचावतो तिथे. ज्याने हे सगळे सुरू केले तो आतल्या खोलीत बिछान्यावर बरा होत असतो. जाणीव आणि संमती दोन्ही ज्याच्याकडे पूर्ण होती, असा या गोष्टीत तो एकच माणूस होता.

१९३५ साली याच दिग्दर्शकाने पुढचा भाग काढला. त्यात जंगलातल्या झोपडीत राहणारा एक आंधळा तपस्वी आहे. त्याला राक्षस दिसत नाही, फक्त कण्हणे ऐकू येते. तो त्याला आत घेतो, जखम बांधतो, सूप आणि भाकरी देतो, आणि एकटेपणात सोबत मिळाली म्हणून गुडघ्यांवर येऊन देवाचे आभार मानतो. पार्श्वभूमीला 'आवे मारिया'चे सूर आहेत. राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो. पडदा अंधारत जातो तेव्हा भिंतीवरचा क्रूस तेवढा उजळलेला राहतो. या झोपडीत तो पहिले शब्द शिकतो, आणि चांगले काय, वाईट काय हेही तिथेच शिकतो. म्हणजे जाणीव येते ती प्रेमाने वाढलेल्या ताटाबरोबर. थोड्याच वेळात बंदूकवाले दोन डोळस लोक येतात आणि ती झोपडी जळून जाते.

'द वुल्फ मॅन' हा १९४१चा चित्रपट याच्या उलट आहे. इथे जाणीव पूर्ण आहे, संमती नाही. लॅरी टॅलबट हा साधा, मनमिळाऊ माणूस. एका मुलीवर लांडगा झडप घालतो तेव्हा तिला वाचवायला हा धावतो आणि त्या झटापटीत त्याला चावा बसतो. म्हणजे त्याच्यावर शाप येतो तो सत्कृत्य करताना! त्यानंतर तो रात्री लांडगा होतो, सकाळी माणूस होतो, आणि आपण काय केले हे त्याला उमगते. ही कथा लिहिणारे कर्ट सिओडमाक हे जर्मनीतले ज्यू लेखक. हिटलरची सत्ता आल्यावर त्यांना देश सोडावा लागला होता. काल शेजारी असलेला माणूस रातोरात पशू होतो हे त्यांना कल्पनेने रचावे लागले नसेल.

या चित्रपटातला एक प्रसंग आपल्यासारख्यांनी दोनदा पाहावा असा आहे. गावात कुजबूज सुरू झालेली असते. लॅरी वडिलांबरोबर चर्चमध्ये जातो. वडील पुढे जाऊन बाकावर बसतात, हा दाराशी थबकतो. एकेक करून सगळी डोकी मागे वळतात. कुणी काही बोलत नाही. तो तसाच बाहेर पडतो. पुढे तो वडिलांना विनवतो, मला बांधून ठेवा. वडील त्याला खुर्चीला बांधतात, पण त्याचे म्हणणे खरे मानत नाहीत, आणि शेवटी त्यांच्याच हातातल्या चांदीच्या मुठीच्या काठीने त्याचा अंत होतो.

मनाच्या आजाराने ग्रासलेली किती माणसे असे विनवत असतात! आपण त्यांना इच्छाशक्तीवर व्याख्यान देतो. ख्रिस्तसभेलाही हे समजून घ्यायला वेळ लागला. १९१७च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. १९८३च्या संहितेत, ज्यांना अंत्यविधी नाकारायचा त्यांच्या यादीतून हा उल्लेख गेला, आणि १९९२च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाने स्पष्ट लिहिले की तीव्र मानसिक आजार, यातना किंवा भीती यामुळे अशा व्यक्तीचा दोष कमी होऊ शकतो. कृत्य गंभीरच राहिले. संमती मोजायला आपण शिकलो. एके काळी कुंपणाबाहेर पुरलेली ती माणसे आता कुठे परत आणणार, हा प्रश्न राहतोच.

पण संमती नेहमी इतकी स्वच्छपणे गैरहजर नसते. डॉ. जेकिलचे पाहा. रूबेन मामूलियन यांच्या १९३१च्या चित्रपटात हा सज्जन डॉक्टर स्वतःच्या हाताने औषध बनवतो आणि स्वतःच्या हाताने पितो. हाइड नावाच्या पशूत बदलायची त्याला मजा वाटू लागते. मग एके दिवशी बागेत बसलेला असताना औषध न घेताच तो हाइड होतो. आयव्ही नावाची गरीब मुलगी हाइडच्या छळाला कंटाळून नेमकी जेकिलच्याच पायाशी येते, आणि तो मनापासून वचन देतो की हाइड पुन्हा तुझ्या वाटेला जाणार नाही. वचन देताना तो खोटे बोलत नसतो. त्यानंतर हाइड होऊन तो तिचा गळा आवळतो.

त्या क्षणी संमती होती का? नीतिशास्त्राचे आपले जुने अभ्यासक सांगत की संमती कारणात शोधावी. शेवटच्या पेल्यानंतरचा हात माणसाच्या ताब्यात नसेल, पहिला पेला उचलणारा हात ताब्यात होता. हे खरे आहे. पण ज्याच्या घरात दारू आहे त्याला विचारा. तो सांगेल की पहिला पेलाही पुढे पुढे पहिला राहत नाही. आम्हाला वाटते जेकिल दोषी आहे. किती, हे सांगणारा काटा आमच्याकडे नाही.

याच्याशी जोडून १९३६चा 'ड्रॅक्युलाज डॉटर' आठवतो. चित्रपट म्हणून तो थोरल्यांच्या रांगेतला नाही, पण त्यातली काउंटेस झालेस्का आम्हाला जवळची वाटते. ती ड्रॅक्युलाची मुलगी. बापाच्या वारशातून सुटावे म्हणून ती रात्री त्याचे प्रेत जाळते आणि तोंड फिरवून हातात क्रूस धरते. त्याच्याकडे पाहण्याचे तिला धैर्य नाही, पण तो टाकूनही देत नाही. तरी ओढ सुटत नाही. मग ती एका मनोविकारतज्ज्ञाकडे जाते. तो सल्ला देतो की मोहाला सामोरे जा, इच्छाशक्ती पणाला लाव. ती एका गरीब मुलीला चित्रासाठी समोर बसवते आणि हरते. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण पापाची निमित्ते टाळण्याचे वचन देतो. मोहाशी कुस्ती खेळू असे म्हणत नाही, त्या गल्लीत जाणार नाही एवढेच म्हणतो. हे वाक्य ज्याने प्रथम घातले त्याला माणसाची चांगली ओळख होती.

तिच्या बापाविषयी फार लिहायला नको. बेला लुगोसी यांचा १९३१चा ड्रॅक्युला तिन्ही अटी पुऱ्या करतो: ठाऊक असते, हवे असते, आणि तेच करतो. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या कादंबरीत मात्र एक नियम आहे तो ध्यानात ठेवावा. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. आणखी एक जाता जाता. या चित्रपटांत क्रूस दाखवला की पिशाच मागे सरते, धरणाऱ्याचे मन कसेही असो. तो क्रूसाचा ताईत झाला. गाडीच्या आरशाला जपमाळ बांधून वाटेल तसा वेग धरणारेही हाच चित्रपट पाहून आले असावेत!

शेवटी जपानकडे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटाजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस खलाशी होते. सगळे आजारी पडले आणि सप्टेंबरात बोटीचा रेडिओचालक मरण पावला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' प्रदर्शित झाला. जगाला तो 'गॉडझिला' म्हणून ठाऊक आहे. बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रतळातून उठलेला प्रचंड प्राणी. त्याची खडबडीत कातडी अणुबॉम्बने भाजलेल्या माणसांच्या व्रणांवरून सुचली होती. तो टोकियो जाळतो. एक आई मुलांना कवटाळून सांगते की आता आपण बाबांकडे जाणार.

गोजिराला पाप लागत नाही. तो जनावर आहे. जाणीव नाही, संमती नाही. पण बाब गंभीर आहे, हजारो मेले आहेत, आणि तीन अटींची ही पट्टी घेऊन आम्ही उभे राहतो तेव्हा मापायला समोर कुणी सापडत नाही. ज्याने गणित मांडले त्याने फक्त गणित मांडले. ज्याने तारा जोडल्या त्याने तारा जोडल्या. प्रत्येकाकडे थोडी जाणीव, थोडी संमती. ही पट्टी एका आत्म्यासाठी बनवलेली आहे, कबुलीच्या खुर्चीत एकाच वेळी एकच माणूस बसतो.

याच चित्रपटात आगगाडीतली एक बाई म्हणते की नागासाकीतून ती कशीबशी वाचली होती. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब पडला तो उराकामीच्या कॅथेड्रलपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या सकाळी तिथे भाविक कबुलीसाठी जमले होते. ज्या बेटावरून ते विमान उडाले तिथल्या वैमानिकांचे आध्यात्मिक पालकही कॅथलिक धर्मगुरूच होते, फादर जॉर्ज झबेल्का. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आपण तेव्हा एका शब्दानेही विरोध केला नाही, हे त्यांचे दुःख होते. संपूर्ण शहरे बेचिराख करणारे युद्ध हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा आहे असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते १९६५ साली.

गोजिराला मारू शकेल असे एकच साधन चित्रपटात आहे, डॉ. सेरिझावा यांनी शोधलेले. पाण्यातला प्राणवायू नष्ट करून ते सगळे जीव संपवते. ते वापरायला सेरिझावा तयार नसतात. एकदा वापरले की सरकारे त्याचे शस्त्र करतील हे त्यांना कळते. मग दूरचित्रवाणीवर शाळकरी मुली शांतीची प्रार्थना गाताना त्यांना दिसतात. ते आपले सगळे कागद जाळतात, पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरतात, साधन सुरू करतात, सोबत्याला वर पाठवतात आणि स्वतःची दोरी कापतात. कागद जळले होते, पण सूत्र डोक्यात होते, आणि दडपण आले तर आपण ते सांगून बसू याची त्यांना भीती होती.

ही आत्महत्या की बलिदान, यावर हे पत्रक काढणाऱ्या आमच्यात दोन मते पडली. काहींचे म्हणणे असे की त्यांनी मरण शोधले नाही, सूत्र संपवले, आणि ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने संपत नव्हते. उरलेले म्हणतात की आपण उद्या दुबळे ठरू या भीतीने आज दोरी कापणे योग्य नाही. उद्या नाही म्हणण्याचे बळ देव देईल यावरचा विश्वास तिथे संपला.